रायटिंग ६.५ वर अडकलंय, सीएलबी ९ साठी अर्धा बँड कसा वाढवू?

मोरपंखी:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा. आम्ही दोघं कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्रीतून पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, प्रयत्न करतोय, मुख्य अर्जदार मी. माझं मास्टर्स झालंय आणि पाच वर्षांचा अनुभव आहे. चारही भागांत सीएलबी ९ (कॅनडाची भाषेची पातळी) हवंय, त्यासाठी आयईएल्टीएस जनरल ही इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. पहिल्यांदा लिसनिंग ८, रीडिंग ७, रायटिंग ६.५, स्पीकिंग ७. मग चार महिने जीव तोडून अभ्यास केला आणि परत दिली तर लिसनिंग ८.५, रीडिंग ७.५, स्पीकिंग ७ आणि रायटिंग परत तेच ६.५. रिझल्ट बघितला आणि दोन दिवस कुणाशी बोलावंसंच वाटलं नाही.

अभ्यास कमी पडला असंही म्हणवत नाही कारण रोज एक निबंध लिहायचे, साठ-सत्तर तरी झाले असतील. क्लासमध्ये एक टेम्प्लेट दिलं होतं ते पाठ आहे, कठीण शब्दांची यादीही पाठ आहे. मग चुकतंय कुठे तेच कळत नाहीये. तिसऱ्यांदा हीच परीक्षा देऊ की सेल्पिप किंवा पीटीई कोअर या दुसऱ्या परीक्षांकडे जाऊ? आणि अजून एक, पहिल्या आणि दुसऱ्या वेळचे चांगले चांगले मार्क एकत्र धरतात का? ज्यांनी यातून मार्ग काढलाय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

उंबरठा:
ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, वेगवेगळ्या वेळी दिलेल्या परीक्षांचे मार्क एकत्र करून प्रोफाइलमध्ये टाकता येत नाहीत, चारही स्किल एकाच रिझल्टमधले लागतात.

एक्सप्रेस एन्ट्रीत नंबर पॉइंटवर लागतो, तेव्हा आता गणित बघा कारण त्यातच कळेल की हा अर्धा बँड एवढा महाग का आहे. रायटिंगच्या ६.५ ला सीएलबी ८ धरतात आणि ७ ला सीएलबी ९. जोडीदार सोबत असेल तर एका स्किलला सीएलबी ८ चे २२ आणि ९ चे २९, म्हणजे वरवर बघितलं तर ७ च पॉइंट वाढतात. पण स्किल ट्रान्सफरेबिलिटी म्हणून जो भाग आहे तिथे खरी उडी आहे. शिक्षण आणि भाषा मिळून, मास्टर्सवाल्याला चारही स्किलमध्ये सीएलबी ७ असेल तर २५ मिळतात आणि चारही ९ झाले की ५०. कॅनडाबाहेरचा अनुभव ३ वर्षं किंवा जास्त असेल तर तिथेही तसंच, २५ चे ५०. आणि चारातलं एक जरी ८ वर राहिलं तरी हे दोन्ही पन्नास हातात येत नाहीत. म्हणजे तुमच्या केसमध्ये ७ अधिक २५ अधिक २५, एकूण ५७ पॉइंट त्या एका अर्ध्या बँडवर टांगलेत. २५ मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे पॉइंटही काढून टाकलेत, तेव्हा स्कोअर वाढवायला आपल्या हातात जे थोडं उरलंय त्यात भाषा पहिली.

आणि हेही लक्षात ठेवा की सीएलबी ९ वरून १० ला गेलात तर स्किलमागे फक्त ३ वाढतात. लिसनिंगच्या ८.५ ला तर सीएलबी १० आधीच धरतात, त्यामुळे ते ९ करायच्या मागे वेळ घालवू नका, सगळा जोर रायटिंगवर लावा, पण लिसनिंग ८ च्या खाली जाऊ देऊ नका. बाकी तिघांना ७ चालतं, लिसनिंगला मात्र सीएलबी ९ साठी ८ लागतात, ७.५ आले की तिकडे सीएलबी ८ होतो आणि परत तीच रड.

मोरपंखी:
बापरे, ५७! मला वाटत होतं ७-८ पॉइंटचा प्रश्न आहे. आता तर अजूनच धडधडायला लागलंय. पण बरं झालं कळलं. धन्यवाद उंबरठा.

सायंतारा:
परीक्षा बदलण्याबद्दल माझा अनुभव लिहिते. मी आयईएल्टीएसमध्ये स्पीकिंगला समोर माणूस बसला की गडबडायचे, म्हणून सेल्पिप जनरल घेतली. ती सगळी कॉम्प्युटरवर, एकाच बैठकीत साधारण तीन तासांत संपते, बोलायचंही हेडफोन लावून स्क्रीनशी, आठ टास्क असतात. मार्कांचं सोपं आहे, सेल्पिपचे ९ म्हणजे सीएलबी ९, रूपांतराचा तक्ता बघायला नको. रायटिंगमध्ये एक ईमेल आणि एक सर्व्हेचं उत्तर, दोन पर्यायांपैकी एक निवडून का ते लिहायचं, आयईएल्टीएससारखा २५० शब्दांचा निबंध नाही. ज्यांचं टायपिंग चांगलं आहे त्यांना बरं पडतं. पण तुमच्या आजूबाजूला इतर चौघं त्याच वेळी बोलत असतात, त्याची सवय आधी करून घ्या, मी घरी मुद्दाम मोठ्याने बातम्या लावून सराव केला होता.

पीटीई कोअर आयआरसीसीने, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने, २०२४ च्या जानेवारीअखेरपासून घ्यायला सुरुवात केली. नाव नीट वाचून बुकिंग करा हं, पीटीई ॲकॅडमिक कॅनडाच्या पीआरला चालत नाही, कोअरच लागते. तसंच आयईएल्टीएस जनरल लागते, ॲकॅडमिक नाही, आणि सेल्पिपमध्येही जनरल एलएस नावाची अर्धी परीक्षा आहे, ज्यात फक्त लिसनिंग आणि स्पीकिंग असतं, ती नाही. माझ्या ओळखीत एकाने घाईत चुकीची बुक केली होती आणि पैसे गेले ते गेलेच.

पाणकावळा:
मी ऑस्ट्रेलियाच्या रांगेत आहे पण दुखणं तेच. तिकडे हिशोब वेगळा, आयईएल्टीएसला चारही ६ असतील तर नुसतं पात्र, पॉइंट शून्य. चारही ७ ला १० पॉइंट आणि चारही ८ ला २०. आणि तिकडे रांगेत उभं राहायलाच ६५ लागतात, त्यामुळे ते २० म्हणजे फार मोठी गोष्ट. माझं रायटिंग ७.५ वर दोनदा अडकलं. तेव्हा ताई, तुम्ही एकट्या नाही. मी वाचतोय इथे, रायटिंगवर कुणी खोलात लिहिलं तर मलाही हवंय.

दगडफूल:
मोरपंखी, मी तीनदा ६.५ वर होते, चौथ्यांदा ७.५ आले. त्यामुळे थोडं परखड लिहिते, राग मानू नका. साठ-सत्तर निबंध लिहिलेत हे वाचूनच मला कळलं काय झालंय. रोज नवीन निबंध लिहिणं म्हणजे रोज त्याच चुका नव्याने गिरवणं. सत्तर निबंधांतले किती परत उघडून दुरुस्त केलेत? मी पहिले तीन अटेम्प्ट एकही केला नव्हता. लिहायचा, तारीख टाकायची, दुसऱ्या दिवशी पुढचा.

परीक्षा बदलायचा निर्णय थांबवा दोन दिवस. तुमचा एक निबंध इथे टाका, वेळ लावून लिहिलेला, अजिबात न सुधारता. इथे इंग्रजी चालत नाही हे माहीत आहे, तेव्हा विषय काय होता, कुठल्या परिच्छेदात काय लिहिलंत ते सांगा आणि मूळ मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मग आपण बोलू.

मोरपंखी:
ताई, राग कसला, उलट बरं वाटलं. विषय होता, कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्यावं असं काही लोक म्हणतात, काही म्हणतात ऑफिसातच बोलवावं, दोन्ही बाजू मांडा आणि तुमचं मत द्या. पहिल्या परिच्छेदात टेम्प्लेटची सुरुवात, आजच्या आधुनिक युगात वगैरे. दुसऱ्यात घरून कामाचे फायदे, प्रवासाचा वेळ वाचतो, खर्च वाचतो, कुटुंबाला वेळ मिळतो, प्रदूषण कमी होतं. तिसऱ्यात ऑफिसचे फायदे, तेही चार. शेवटी निष्कर्ष, की दोन्हींचे फायदे तोटे आहेत आणि परिस्थितीवर अवलंबून आहे. एकूण ३४० शब्द. व्यनि केलाय.

कुर्डू:
मध्येच बोलतो. तुमचा शेवटचा रिझल्ट येऊन किती दिवस झालेत? आयईएल्टीएसमध्ये परत तपासणीची सोय आहे, एन्क्वायरी ऑन रिझल्ट्स म्हणतात, परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत अर्ज करावा लागतो आणि बँड वाढला तर भरलेली फी परत मिळते. रायटिंग-स्पीकिंग माणसं तपासतात त्यामुळे तिथे कधीकधी फरक पडतो. माझ्या बहिणीचं रायटिंग ६.५ चं ७ झालं होतं. ज्याला बाकी सगळं सीएलबी ९ आणि फक्त एकीकडे अर्धा बँड कमी अशी स्थिती आहे त्याने निदान विचार करावा.

मोरपंखी:
कुर्डू, सात आठवडे उलटून गेलेत हो. हे आधी माहीत असतं तर नक्की केलं असतं. पुढच्या लोकांच्या उपयोगी पडेल.

दगडफूल:
निबंध वाचला, दोनदा. इंग्रजी तुमचं ६.५ वालं नाहीये, निबंध ६.५ चा आहे. फरक सांगते.

तपासणारे चार गोष्टींना समान वजन देतात, प्रश्नाला उत्तर दिलंय का, मांडणी आणि जोडणी, शब्दसंपत्ती, आणि व्याकरण. तीन ठिकाणी ७ पडले आणि एका ठिकाणी ५ तरी सरासरी ६.५. म्हणजे सगळं सुधारायची गरज नसते, कुठलं भोक आहे ते शोधायचं असतं. तुमच्याकडे दोन आहेत.

पहिलं भोक, तुमचं मत. प्रश्नात स्पष्ट विचारलंय तुमचं मत द्या, आणि तुम्ही ३४० शब्दांनंतर शेवटच्या वाक्यात म्हणता परिस्थितीवर अवलंबून आहे. हे मत नाही. बँड ७ च्या वर्णनात लिहिलेलं असतं की भूमिका स्पष्ट आणि नीट मांडलेली दिसली पाहिजे. सुरुवातीच्या परिच्छेदातच सांगा की माझ्या मते आठवड्यातले काही दिवस ऑफिस आणि बाकी घर हे योग्य, आणि मग दोन्ही बाजू मांडताना ते मत धरून चाला. आणि चार-चार फायदे कशाला? प्रत्येकाला एक वाक्य मिळालंय, त्यामुळे कुठलाच मुद्दा उभा राहिला नाही. प्रवासाचा वेळ वाचतो एवढं लिहून तुम्ही खर्चाकडे पळालात. वेळ वाचल्याने काय होतं? माणूस दमून कामाला बसत नाही, सकाळच्या दोन तासांत अवघड काम उरकतं, म्हणजे कंपनीलाही फायदा. हे लिहिलं असतंत तर तो मुद्दा झाला असता. परिच्छेदाला एक मुद्दा, फार तर दोन, पण मुळापर्यंत.

त्यात टेम्प्लेटची पहिली तीन वाक्यं कुठल्याही विषयाला चिकटतील अशी आहेत, तपासणाऱ्याने ती हजार वेळा वाचलेली असतात. आणि प्रत्येक वाक्य मोअरओव्हर, फर्दरमोअर, इन ॲडिशनने सुरू होतंय. बँड ६ च्या वर्णनात हेच असतं, जोडणी यांत्रिक वाटते म्हणून. मराठीत लिहिताना आपण प्रत्येक वाक्याआधी शिवाय, तसेच, त्याचप्रमाणे लिहितो का? तो, ते, यामुळे, असं म्हणत वाक्य आपोआप मागच्याला धरतं. इंग्रजीतही तसंच.

दुसरं भोक, आर्टिकल. तुमची सतरा वाक्यं आहेत, त्यातली बिनचूक फक्त सहा. अकरा वाक्यांत काही ना काही आहे आणि त्यातल्या आठ ठिकाणी ए किंवा द गळलेला आहे. बँड ७ ला बिनचूक वाक्यं वारंवार दिसायला लागतात. चुका मोठ्या नाहीत पण सगळीकडे सांडलेल्या आहेत.

हे का होतं ते मला फार उशिरा कळलं. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे आपल्या कानाला तिथे काही कमी आहे असं वाटतच नाही. मॅनेजरला मेल पाठवला हे आपलं पूर्ण वाक्य आहे. मी स्वतःला एक सवय लावली, प्रत्येक एकवचनी मोजता येणाऱ्या नामापाशी थांबायचं आणि मराठीत विचारायचं, कुठल्या? एका मॅनेजरला की त्या मॅनेजरला? एका म्हणता आलं तर ए, त्या म्हणता आलं तर द, आणि माझ्या म्हणता आलं तर माय. तीनपैकी एक लागणारच, नाम उघडं राहता कामा नये. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायची आणि फक्त नामं शोधत स्क्रीनवरून नजर फिरवायची, बाकी काही वाचायचं नाही. सगळे प्रश्न यातून सुटत नाहीत, पण तुमच्या त्या आठातले सहा तरी यात पकडले गेले असते, मी करून बघितलं.

तसंच शब्दयोगी अव्ययांचं. डिस्कस अबाउट लिहिलंय तुम्ही, कारण आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो. रीच टू ऑफिस लिहिलंय कारण आपण ऑफिसला पोचतो. मॅरीड विथ लिहितो कारण लग्न कुणाशी तरी होतं. आणि पाच वर्षांपासून काम करतेय हे डोक्यात घेऊन आय ॲम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स, तिथे हॅव बीन वर्किंग फॉर हवं. या चुका मोजक्या असतात आणि प्रत्येकाच्या ठरलेल्या असतात. एका वहीत स्वतःच्या लिहून काढा, माझी यादी तेवीसची होती. त्यापुढे नवीन फारशी भर पडली नाही.

आता काय करायचं ते. दोन आठवडे नवीन निबंध बंद. आधीच्यांतले पाच निवडा, प्रत्येक तीनदा लिहा. पहिल्यांदा फक्त भूमिका आणि मुद्दे, दुसऱ्यांदा फक्त आर्टिकल आणि तुमची यादी, तिसऱ्यांदा कोरा कागद घेऊन वेळ लावून.

आणि पत्र, म्हणजे रायटिंगचं टास्क १! टास्क २ ला, म्हणजे निबंधाला, दुप्पट वजन आहे म्हणून लोक पत्राकडे दुर्लक्ष करतात, पण उरलेला तिसरा हिस्सा पत्राचाच आहे आणि तो मिळवणं सोपं आहे. तीन मुद्दे दिलेले असतात, तिन्हींना साधारण सारखी जागा द्या. मित्राला पत्र असेल तर मित्राशी बोलल्यासारखं, घरमालकाला असेल तर अदबीने, आणि मधेच सूर बदलू देऊ नका. वीस मिनिटांत संपवून चाळीस निबंधाला.

मोरपंखी:
दगडफूल ताई, काय बोलू. क्लासमध्ये मला एवढंच सांगायचे की गुड, कीप प्रॅक्टिसिंग. एका निबंधावर कुणी एवढा वेळ दिला नव्हता. एका मॅनेजरला की त्या मॅनेजरला हे वाचून मी आत्ता माझा निबंध परत उघडला आणि मला खरंच ते उघडे शब्द दिसायला लागलेत! आणि पत्रावर मी २८ मिनिटं घालवते, हेही आज घड्याळ लावून बघितलं. उद्यापासून सुरू करते. कठीण शब्दांच्या यादीचं काय करू?

दगडफूल:
यादी बाजूला ठेवा. प्लेथोरा तुम्ही दोनदा वापरलाय आणि दोन्ही वेळा मेनी जास्त बरा दिसला असता. शब्दसंपत्तीचे मार्क अवघड शब्दाला नसतात, नेमक्या शब्दाला असतात, आणि कुठला शब्द कुणाच्या शेजारी बसतो याला असतात. डू ए मिस्टेक की मेक ए मिस्टेक, हे बिनचूक असणं दहा प्लेथोरांपेक्षा मोलाचं आहे.

रानजाई:
माझ्या नवऱ्याचं उलटं आहे, रायटिंग ७ आलं आणि लिसनिंग ७.५. तेवढ्यासाठी सीएलबी ८. इंग्रजी सिनेमे सबटायटलशिवाय बघतो, ऑफिसात दिवसभर परदेशी लोकांशी कॉल, तरी लिसनिंग कसं जातं?

आडवाट:
रानजाई, समजणं वेगळं आणि ४० पैकी ३५ बरोबर लिहिणं वेगळं. ८ बँडला साधारण ३५ लागतात, म्हणजे पाचच चुका माफ. मी माझ्या चुकांचा हिशोब ठेवला होता तेव्हा लक्षात आलं की न समजल्यामुळे गेलेले मार्क फार थोडे होते, बाकी सगळे निष्काळजीपणाचे. शेवटचा एस ऐकला नाही, स्पेलिंगमध्ये डबल अक्षर राहिलं, दोनपेक्षा जास्त शब्द नकोत असं लिहिलेलं असताना तीन लिहिले.

आणि बोलणारी माणसं मुद्दाम स्वतःचं वाक्य फिरवतात. बाई म्हणते, मग मंगळवारी येते, नाही थांबा, मंगळवारी माझी डेंटिस्टची वेळ आहे, गुरुवार जमेल का, आणि समोरचा म्हणतो गुरुवारी आम्ही बंद असतो, शुक्रवारी या. आपण मंगळवार लिहून पुढच्या प्रश्नावर गेलेलो असतो. उत्तर लिहिलं तरी पेन तिथेच ठेवून विषय बदलेपर्यंत ऐकायचं.

सरावासाठी एक करा. ऑडिओचा फक्त एक मिनिटाचा तुकडा घ्यायचा, पुन्हा पुन्हा थांबवून शब्दन्शब्द लिहून काढायचा, मग ट्रान्सक्रिप्टशी ताडून बघायचा. जिथे तुमचं लिहिलेलं आणि छापलेलं वेगळं निघतं तिथे तुमचा कान चुकतोय. मला कॅन आणि कान्टमधला फरक अजिबात ऐकू यायचा नाही हे असंच कळलं. रोज वीस मिनिटं, तीन आठवडे. पूर्ण टेस्ट आठवड्याला एकच. यजमानांना सांगा, सिनेमाने हे होत नाही.

रानजाई:
मंगळवारचं उदाहरण वाचून दाखवलं, म्हणाला हे माझंच होतं. धन्यवाद आडवाट.

सायंतारा:
आडवाट, स्पीकिंगवरही लिहा ना. ६.५ चं ७ करायचं असणारे पण खूप जण असतील.

आडवाट:
स्पीकिंगबद्दल माझं ठाम मत आहे की पाठ केलेलं उत्तर घात करतं. परीक्षकाला दुसऱ्या वाक्यात कळतं, मग तो असा प्रश्न टाकतो की पाठांतर उपयोगी पडत नाही आणि मग एकदम उतरती कळा दिसते. त्यापेक्षा रोज एक क्यू कार्ड (बोलायचा विषय दिलेलं कार्ड) घ्या, एक मिनिट विचार, दोन मिनिटं बोलायचं, फोनवर रेकॉर्ड. आणि ऐकायचं, तेच लोक टाळतात कारण स्वतःचा आवाज ऐकवत नाही. मी पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा दोन मिनिटांत बेसिकली अकरा वेळा होता.

उच्चारांची भीती काढून टाका, मराठी वळण असल्याचे मार्क जात नाहीत, समजलं नाही तर जातात. आपल्याकडे दोन गोष्टी आडव्या येतात. एक, आपला व एकच आहे. वाइन आणि व्हाइन आपण लिहून वेगळं करतो पण बोलताना दोन्हीकडे तोच व, नाहीतर व्ह मध्ये ह चा श्वास घुसतो. इंग्रजी डब्ल्यूला ओठांचा चंबू करायचा आणि व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, आरशासमोर आठवडाभर केलं की बसतं. दुसरं म्हणजे आघात. मराठीत आपण प्रत्येक अक्षर जवळपास सारख्या वजनाने म्हणतो, इंग्रजीत एका ठिकाणी जोर येतो आणि बाकीची अक्षरं दबतात. डिव्हेलपमध्ये जोर व्हे वर आहे, पहिल्या अक्षरावर नाही. रोजच्या कामातले पन्नास शब्द घेऊन त्यांचे आघात डिक्शनरीत ऐकून घ्या, बोलणं लगेच मोकळं वाटायला लागतं.

सातभाई:
अजून एक वाट कुणी बोललंच नाही, ती फ्रेंचची. इंग्रजीत चारही सीएलबी ५ किंवा वर असताना फ्रेंचमध्ये चारही एनसीएलसी (फ्रेंचचं सीएलबी) ७ आणले तर ५० जादा पॉइंट मिळतात, शिवाय दुसऱ्या भाषेचे स्किलमागे ३ म्हणजे १२ वेगळे. परीक्षा टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा. आणि २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळे ड्रॉ, म्हणजे आमंत्रणांच्या फेऱ्या, निघतात, त्यांचा कटऑफ बाकीच्यांपेक्षा बराच खाली असतो. मी शून्यापासून सुरू केलं, नोकरी सांभाळून रोज दोन तास, तेरा महिन्यांनी परीक्षा दिली आणि लिहिण्यात कमी पडलो, परत देतोय. म्हणून सांगतो, अर्धा बँड मिळत नाही म्हणून फ्रेंचकडे वळू नका, तो आधी मिळवा. हे दीड-दोन वर्षांचं काम आहे आणि भाषा आवडली तरच होतं. मला आवडली.

उंबरठा:
सातभाईंशी सहमत. मोरपंखी, यजमानांची परीक्षा झालीये का? जोडीदाराच्या भाषेचेही पॉइंट असतात, चारही सीएलबी ९ असतील तर २०, ७-८ असतील तर १२. आणि त्यांना मुख्य अर्जदार धरून एकदा गणित करून बघा, कधीकधी तिकडून जास्त निघतात.

मोरपंखी:
त्यांनी अजून दिलीच नाही, माझं झालं की देतो म्हणत होते. आज हे वाचून दाखवलं, पुढच्या महिन्याची तारीख घेतायत.

मोरपंखी:
नऊ आठवड्यांनी परत आलेय. धागा वर काढतेय, पुढे काय झालं ते सांगायला.

आयईएल्टीएसच परत दिली, फक्त या वेळी कॉम्प्युटरवर. काल रिझल्ट आला. लिसनिंग ८, रीडिंग ७.५, रायटिंग ७, स्पीकिंग ७.५!

दगडफूल ताई, नऊ आठवड्यांत मी नवीन निबंध फक्त अकरा लिहिले. बाकी सगळे जुने खणून काढले. माझ्या चुकांची यादी एकोणीसची निघाली, परीक्षेच्या दिवशी सकाळी तेवढीच वाचली. निबंधाचा विषय सार्वजनिक वाहतूक फुकट करावी का असा होता. पहिल्या परिच्छेदातच लिहिलं की करू नये, आणि त्याचं एकच कारण घेऊन पूर्ण परिच्छेद लिहिला. शेवटची सहा मिनिटं उरली होती. नामं शोधत गेले, चार ठिकाणी द घातला आणि एका ठिकाणी ए. ते पाच शब्द घालताना मला हा धागा डोळ्यांसमोर दिसत होता, खरंच सांगते.

लिसनिंग ८.५ वरून ८ ला आलंय, काठावर वाचले. एका ठिकाणी तारीख फिरवली होती, आडवाटचा मंगळवार आठवला आणि खोडून बरोबर लिहिलं. तो एक मार्क गेला असता तर काय झालं असतं कोण जाणे.

दगडफूल:
मोरपंखी!! ऑफिसात बसून वाचतेय आणि डोळ्यांत पाणी आलंय. फार फार अभिनंदन.

उंबरठा:
अभिनंदन ताई! सीएलबी ९, ९, ९, १०. रायटिंगचे ७, वरचे ५०, स्पीकिंगचे ३ वाढले आणि लिसनिंगचे ३ गेले, म्हणजे बरोबर ५७. आजच प्रोफाइलमध्ये नवीन रिझल्ट टाका, रिपोर्ट नंबर दोनदा तपासा. आणि तारीख लिहून ठेवा, रिझल्ट दोनच वर्षं चालतो आणि आमंत्रण आल्यावर ६० दिवसांत जेव्हा प्रत्यक्ष अर्ज भराल त्या दिवशीही तो जिवंत असावा लागतो.

मोरपंखी:
टाकला आत्ताच, रिपोर्ट नंबर तीनदा बघितला. यजमानांची परीक्षा येत्या शनिवारी आहे, ते वहीत एका की त्या लिहीत बसलेत.

पाणकावळा:
दगडफूल ताई, माझाही निबंध व्यनि करू का? ७.५ चं ८ करायचंय, तारीख महिन्याभराने आहे.

दगडफूल:
पाठवा. न सुधारलेला पाठवा आणि किती मिनिटांत लिहिलात तेही लिहा.